मोडेन पण वाकणार नाही

'मोडेन पण वाकणार नाही' या ब्रीदावर आपल्या मराठी मनाचा फार जीव आहे. निवृत्तीच्या निरोप समारंभात, एखाद्या जुन्या शिक्षकांच्या एकसष्टीत, क्वचित शोकसभेतही हे वाक्य हटकून कानांवर पडते आणि ऐकणाऱ्यांच्या माना डोलतात. माणसाच्या स्वभावाला ते शोभून दिसत असेल. लाकडाच्या बाबतीत मात्र, निदान गिटार करावयाची असेल तर, हे ब्रीद मिरवणारा तुकडा वखारीतच ठेवून यावा हे बरे.

हा विषय या सदरात येण्याचे कारण असे की, गेल्या महिन्यात तरसालीहून एका वाचक भगिनींचे पत्र आमच्याकडे आले. त्यांच्या सासरचा जुन्या शहरातील वाडा उतरवला गेला आणि वाटणीत माजघरातल्या झोपाळ्याची शिसवी फळी त्यांच्याकडे आली. तरसालीच्या फ्लॅटमध्ये झोपाळा टांगण्यास जागा नाही. म्हणून ती फळी जुन्या चादरीत गुंडाळून गॅलरीत उभी करून ठेवली आहे. त्यांचा मुलगा तरसालीच्याच आय.टी.आय.त फिटरचे शिक्षण घेतो. गिटार तो चांगली वाजवतो आणि आता स्वतःच्या हातांनी एक गिटार तयार करण्याचे त्याने मनावर घेतले आहे. गिटारच्या बाजूच्या पट्ट्यांना शिसवी लाकूड उत्तम, ते सहज वाकते, असे त्याच्या वाचनात आले आणि त्याचे लक्ष त्या फळीकडे गेले. मोठ्या भाऊजींनी मात्र स्पष्ट सांगितले की, ज्या फळीवर आईने सगळ्या नातवंडांना झोके देऊन निजवले, तिला करवत लागलेली आपल्याला पाहवणार नाही. वखारवाला म्हणतो सागवान न्या, त्यासारखे लाकूड नाही. एक वाद्यविक्रेता परदेशी लाकडाचे नाव घेऊन तोंडाला येईल ती किंमत सांगतो. भगिनींनी शेवटी दोनच प्रश्न विचारले आहेत. कोणते लाकूड खरोखर सहज वाकते? आणि आमची फळी वाकेल की मोडेल? "मोडली, तर फळीही गेली आणि घरातला सलोखाही," असे त्यांनी लिहिले आहे.

प्रश्न अगदी व्यवहाराचा आहे. त्याचे उत्तरही तसेच, मोजमापांसह द्यावे असे आम्हांस वाटते.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, लाकूड वाकवून वाद्य करण्याची रीत आपल्याकडे फारशी रुळलेली नाही. आपल्या वाद्यांना गोलाई आहे, आणि ती डोळ्यांत भरण्यासारखी आहे. पण ती निराळ्या वाटेने आलेली आहे. मिरजेच्या तंबोऱ्याचा घेर घ्या. तो सोलापूर जिल्ह्यात मंगळवेढ्याच्या बाजूला पिकणाऱ्या कडू भोपळ्याचा असतो. म्हणजे तेथे गोलाई वेलीवरच तयार होते आणि कारागीर ती निवडून आणतो. मिरजेच्या या कामाला दीडशे वर्षांहून अधिक काळाची परंपरा आहे, आणि २०२४ साली तेथील सतार व तंबोरा यांना भौगोलिक मानांकनही मिळाले. दक्षिणेकडील वीणेची कुंडी फणसाच्या लाकडातून कोरून काढतात. सरोद आणि सारंगी यांचे पोटही अखंड ठोकळा पोखरूनच होते. आपल्या बडोद्यापासून सुमारे ४५ किलोमीटरवर असलेल्या संखेड्याचे लाखकाम केलेले झोपाळे घरोघरी आहेत; तेथील गोलाई चरकावर कातलेली असते. कच्छमधील मांडवीच्या गलबतांच्या बांधणीत आतल्या फासळ्यांसाठी बाभळीची मुळातच वाकडी वाढलेली खोडे शोधून वापरतात. पिकवावे, कोरावे, कातावे किंवा वाकडेच शोधून आणावे, हे आपले चार मार्ग. सरळ फळी घेऊन तिला बाक देणे हा पाचवा मार्ग व्हायोलिन आणि गिटार यांच्याबरोबर आपल्याकडे आला. म्हणून आपला उत्तम सुतारही या कामापुढे थोडा बिचकतो, आणि 'चांगले लाकूड' म्हणजे 'मजबूत लाकूड' हा त्याचा नेहमीचा हिशेब येथे लागू पडत नाही.

गिटारच्या दोन्ही बाजूंना एकेक पट्टी असते. साधारण ८० सेंटीमीटर लांब, १० ते १२ सेंटीमीटर रुंद आणि अवघी २ मिलिमीटर जाड. तिला वरच्या अंगाला एक बाक, कंबरेपाशी उलटा बाक आणि खाली पुन्हा मोठा बाक द्यावा लागतो. फळी वाकते तेव्हा तिच्या बाहेरच्या पृष्ठावरील तंतू ताणले जातात आणि आतील पृष्ठावरील दाबले जातात. किती ताणले जातात, हे काढण्यास शाळेतले गणित पुरे आहे. जाडीच्या निम्म्याला बाकाच्या त्रिज्येने भागावे. कंबरेपाशी त्रिज्या ७ सेंटीमीटर धरली आणि पट्टी २ मिलिमीटर जाड असली, तर १ भागिले ७०, म्हणजे सुमारे १.४ टक्के. तीच पट्टी ३ मिलिमीटर ठेवली, तर ताण २.१ टक्क्यांवर जातो. कोरडे, थंड लाकूड साधारण एक टक्का ताणले की तडकते. वाफ व उष्णता दिली तरी ताणाच्या बाजूने ते फार तर एक ते दोन टक्के सैल होते. आता पाहा: २ मिलिमीटरची पट्टी या मर्यादेच्या आत बसते, ३ मिलिमीटरची बाहेर पडते. जात तीच, झाड तेच, फळीही तीच. केवळ रंध्याचे चार हात कमी पडले म्हणून मोडली. व्हायोलिनच्या पट्ट्या तर जेमतेम १ मिलिमीटर जाड असतात, आणि म्हणूनच लहरीदार रेषांचे हट्टी मेपल लाकूडही तेथे वळते. तेव्हा 'सहज वाकणारे लाकूड कोणते' या प्रश्नाचे पहिले उत्तर 'पातळ केलेले' हे आहे.

दुसरे उत्तर उष्णतेचे. लाकडाचे तंतू एकमेकांना चिकटवून ठेवणारे एक नैसर्गिक द्रव्य असते. त्याला लिग्निन म्हणतात. ओलसर लाकूड पाण्याच्या उकळबिंदूच्या आसपास तापले की ते मऊ पडते, तंतू एकमेकांवरून किंचित सरकतात आणि निवल्यावर नव्या जागी घट्ट बसतात. मऊ पडलेले लाकूड ताणाला विशेष दाद देत नसले तरी दाबाला पुष्कळ देते; चांगल्या जातीचे लाकूड वाफेवर असताना आपल्या लांबीच्या चौथ्या हिश्शापर्यंतही आकसू शकते. हे मर्म मायकेल थोनेट या जर्मन कारागिराने ओळखले. व्हिएन्नात स्थायिक झालेल्या या गृहस्थाने बीच लाकडाच्या दांड्यांना वाफ देऊन, बाहेरच्या अंगाला पोलादी पट्टी कसून, त्या वाकवल्या. पट्टीमुळे बाहेरचे तंतू ताणले जात नाहीत आणि सगळा भार आतल्या दाबावर येतो. १८५९ सालची त्याची चौदा क्रमांकाची खुर्ची जगभर गेली. मुंबईच्या इराण्याच्या हॉटेलात गोल पाठीच्या काळ्या लाकडी खुर्चीवर बसून ज्यांनी चहा व मस्कापाव घेतला आहे, त्यांनी या तत्त्वाचा टेकून अनुभव घेतला आहे.

आता जातींकडे वळू. भगिनींच्या मुलाने वाचले ते खरे आहे. शिसव, म्हणजे ज्याला जगभर 'इंडियन रोझवुड' म्हणतात ते लाकूड, जड आणि कठीण असूनही उष्णतेला चांगली दाद देते. कठीण लाकूड वाकणार नाही आणि मऊ लाकूड वाकेल, ही समजूत येथेच खोटी पडते. कित्येक मऊ लाकडे वाकताना आतल्या बाजूने चुरगळतात किंवा सरळ तुटतात. शिसवाच्या बरोबरीने, किंबहुना नवशिक्याच्या हाताला त्याहूनही सोपे, असे काश्मिरी अक्रोडाचे लाकूड आहे. तुतीचे लाकूडही वाकण्यात पटाईत. संमिश्र तंतूंच्या काठ्या येण्यापूर्वी जालंदर आणि मेरठ येथे हॉकीच्या काठ्यांची वळलेली टोके याच लाकडाची होत. मात्र गिटारला लागणारी लांब, रुंद आणि गाठ नसलेली पट्टी तुतीत मिळणे कठीण. मिरजेच्या सतारीला लागणारे तून हे महोगनीच्या कुळातले; दोन्ही मध्यम वाकतात. त्यांच्यात काही वेळा रेषा एका थरात उजवीकडे तर पुढच्या थरात डावीकडे झुकलेल्या असतात, आणि तसा तुकडा तापलेल्या नळीवर बेभरवशाचा ठरतो. सरळ रेषेचा तुकडा मिळाल्यास हरकत नाही.

राहता राहिले सागवान. वखारवाल्याने त्याची शिफारस करावी हे स्वाभाविक आहे. दार, खिडकी, पलंग, गलबत यांना सागासारखे लाकूड नाही. वाळवी त्याला धरत नाही आणि पावसाळ्यात ते फुगत नाही. परंतु वाकण्याच्या बाबतीत तो मध्यमच. शिवाय त्याच्यात तेलाचा अंश असल्यामुळे सरस नीट धरत नाही, आणि वाळूसारख्या सूक्ष्म कणांमुळे हत्यारांची धार लवकर जाते. तेलाची अडचण शिसवातही आहे. सरस लावण्यापूर्वी पृष्ठ ताजे घासून स्पिरिटने पुसून घेतले म्हणजे ती निभते. बाजारच्या प्लायवूडचा विचार तर मनातही आणू नये. त्याचे थर एकमेकांना आडवे असतात आणि ते न वाकावे याचसाठी तशी रचना केलेली असते. कारखान्यांतील स्वस्त गिटारींच्या थरांच्या पट्ट्या आधी बनवून नंतर वाकवीत नाहीत; पातळ थर साच्यात दाबून त्या घडवतात.

जातींची ही यादी वाचून कुणी थेट वखारीत जाईल आणि 'शिसव द्या' म्हणून मोकळा होईल, तर त्याची निराशा होण्याचा संभव आहे. कारण जातीपेक्षाही तुकड्याला महत्त्व अधिक. गुजरातेत बांबूकाम करणाऱ्या समाजाला 'वांसफोडा' म्हणतात. आपल्याकडच्या बुरुडांचे काम तेच. या नावातच सारे शास्त्र आहे. हे कारागीर बांबू उभा करवतीने कापीत नाहीत, कोयत्याने फोडतात. फोडलेली काप तंतूच्या वाटेने जाते, म्हणून सूप-टोपलीच्या कडेला हवी तशी वळते आणि तुटत नाही. करवत तंतूची वाट विचारीत नाही. आपल्या रेघेने सरळ जाते. परिणामी कापलेल्या फळीत तंतू कित्येकदा तिरके चालून पृष्ठावर येऊन संपतात. वाकवताना नेमक्या तेथून कपची उठते. म्हणून फळी निवडताना तिच्या नुसत्या तोंडाकडे न पाहता कडेकडेही पाहावे. कडेवरच्या बारीक रेषा टोकापासून टोकापर्यंत कडेला समांतर गेल्या असतील, तर फळी वाकणारी. मध्येच उतार घेऊन बाहेर पडत असतील, तर ती कितीही देखणी असो, सोडून द्यावी. शंका असल्यास त्याच लाकडाचा एक टाकाऊ तुकडा पटाशीने फोडावा. चीर जिकडे जाईल तीच तंतूची खरी दिशा. गाठ नसावी. डोळे दिपवणारी लहर किंवा भोवरा नसावा. शोभेची लहर म्हणजे तंतूंची वेडीवाकडी चाल. भट्टीत घाईने वाळवलेल्या लाकडापेक्षा सावलीत वर्षानुवर्षे वाळलेले लाकूड उष्णतेला लवकर दाद देते.

येथे वाद्यविक्रेत्याच्या परदेशी लाकडाचा समाचार घेतला पाहिजे. गिटारच्या जगात ब्राझीलच्या रोझवुडची ख्याती फार मोठी. ब्राझीलने अखंड ओंडक्यांची निर्यात रोखल्यावर अमेरिकेतील मार्टिन या नामांकित कंपनीने १९६९ च्या सुमारास आपल्या नेहमीच्या गिटारींसाठी भारतीय शिसवाचा स्वीकार केला. पुढे १९९२ साली साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराने ब्राझिली लाकडाच्या व्यापारावर जवळजवळ पूर्ण बंदी घातली, आणि जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या साऱ्या कुळाच्या व्यापारावर परवान्याचे बंधन आले. तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून त्यातून सूट मिळाली, ती ब्राझिली लाकूड वगळून. तेव्हा आपल्या दारच्या लाकडाला जगाने मान दिल्यास आता अर्धशतकाहून अधिक काळ लोटला आहे. ते सोडून परदेशी नावामागे धावण्याचे प्रयोजन आम्हांस दिसत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. बाजूच्या लाकडाने नादात पडणारा फरक लोक समजतात तेवढा नसतो. आधुनिक गिटारचा जनक मानला जाणारा स्पेनचा कारागीर अन्तोनिओ द तोर्रेस याने १८६२ साली एक गिटार केली. तिची वरची तबली उत्तम लाकडाची होती; पाठ आणि बाजू मात्र पुठ्ठ्याच्या. नादाचे रहस्य तबलीत आहे, हे त्याला दाखवून द्यायचे होते. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. अलीकडे, २०१८ साली, इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातील संशोधकांनी एकाच बनावटीच्या सहा गिटारी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वापरल्या. त्यांच्या पाठी आणि बाजू मात्र निरनिराळ्या लाकडांच्या होत्या: ब्राझिली रोझवुड, भारतीय शिसव, महोगनी, मेपल, सापेली आणि अक्रोड. ५२ वादकांना मंद उजेडात, डोळ्यांवर वेल्डरचे काळे चष्मे लावून, त्या वाजवावयास दिल्या. महाग आणि स्वस्त लाकडांच्या गुणांत वादकांना म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. याचा अर्थ लाकडाला किंमत नाही असा नव्हे. तबलीसाठी लाकूड निवडताना कानाचा सल्ला घ्यावा, बाजूंसाठी हाताचा. जे सरळ रेषेचे आहे, वाकते, टिकते आणि घराजवळ मिळते, ते बाजूंसाठी चांगले लाकूड.

आता त्या फळीकडे येऊ. नादासाठी ती फळी कापण्याची गरज नाही, हे वरच्या विवेचनावरून मोठ्या भाऊजींच्या बाजूने पडते. पण वाकण्यासाठी अशी फळी चांगली, हे मुलाच्या बाजूने पडते. बडोदे संस्थानाने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बिलीमोऱ्याहून डांगच्या जंगलाच्या तोंडाशी असलेल्या वघईपर्यंत अरुंद रूळमार्ग नेला, तो मुख्यतः लाकडासाठी. तशा जंगलांतले जुने, सावकाश वाढलेले, घरात पिढ्यान् पिढ्या वाळलेले शिसव आज वखारीत शोधूनही मिळत नाही. शिवाय या कामासाठी नवे झाड पाडावे लागत नाही, हाही विचार लहान नाही.

मग मार्ग कोणता? भगिनींनी फळीचे माप साडेपाच फूट लांब, दोन फूट रुंद आणि दीड इंच जाड असे कळवले आहे. आधी ती एकसंध आहे की दोन फळ्या जोडून केलेली आहे, हे पालथी करून पाहावे. मग तिचे छेदाकडचे टोक पुसून उजेडात न्यावे. तेथे वाढीच्या रेषा दिसतील. रुंद फळीच्या मध्यभागी त्या बहुधा आडव्या निजलेल्या असतात आणि कडेकडे येताना उभ्या होत जातात. गिटारच्या पट्टीला या उभ्या रेषाच हव्यात. त्या पट्ट्या कमी फुगतात आणि पन्हळीसारख्या वळत नाहीत. म्हणजे मुलाला जे हवे ते फळीच्या पोटात नसून तिच्या कडेला आहे. लांबीच्या एका कडेने पाच इंचांची पट्टी उतरवली, तरी १९ इंच रुंदीचा झोपाळा शिल्लक राहतो. त्यावर एक मनुष्य सुखाने मांडी घालून बसू शकतो. त्या कडेची कड्यांची भोके पट्टीबरोबर जातील, ती आत नवी पाडावी लागतील. पट्टीतून भोकांच्या मधला साधारण ३४ इंचांचा निर्दोष भाग घ्यावा. दीड इंच जाडीतून, करवतीचा भुसा वजा जाता, सहा पातळ पट्ट्या निघतील. गिटारला लागतात दोन. म्हणजे दोनदा मोडण्याची मुभा आहे. पाठीसाठी दुसरे लाकूड घ्यावे. तिला वाकवायचे नसते.

करवत लावण्यापूर्वी मात्र एक नियम मुलाने पाळलाच पाहिजे. निदान दहा पट्ट्या स्वस्त लाकडाच्या वाकवून झाल्याखेरीज घरच्या शिसवाला हात लावू नये. फिटरचे शिक्षण येथे उपयोगी पडेल. जस्ताचा मुलामा नसलेली दोन-अडीच इंच व्यासाची लोखंडी नळी आडवी घट्ट बसवावी आणि आतून तापवावी. तिच्यावर टाकलेला पाण्याचा थेंब पसरून न राहता नाचू लागला की ती तयार झाली. पट्टी तासन्तास भिजत घालू नये. ओल्या फडक्याने चिंब पुसली की पुरे. अति पाण्याने ती आडवी वळते आणि डाग पडतात. प्रथम कंबरेचा बाक द्यावा, नंतर दोन्ही बाजूंचे. बाहेरच्या अंगाला पातळ पत्र्याची पट्टी धरावी, थोनेटची युक्ती ती हीच. हाताने जोर करू नये. तापमान पुरेसे झाले की लाकूड आपण होऊन सैल पडते. हाताला ते एखाद्या सुस्काऱ्यासारखे कळते. ते कळण्यापूर्वी लावलेला जोर म्हणजे मोडलेली पट्टी. वाकलेली पट्टी साच्यात अडकवून एक रात्र ठेवावी, कारण निवल्यावर ती थोडी मागे फिरते. खोल खाच असलेल्या आकाराचा मोह पहिल्या गिटारीत टाळावा. तेथे त्रिज्या ३-४ सेंटीमीटरवर येते आणि ताण जवळजवळ दुप्पट होतो. आणि शिसवाचा भुसा श्वासाला व कातडीला बाधतो. तोंडाला फडके बांधूनच रंधा मारावा.

राहिले भाऊजींचे म्हणणे. त्यांच्या दुःखाला वैज्ञानिक उत्तर नाही आणि ते देण्याचा प्रयत्नही कुणी करू नये. गिटार परकी, म्हणून त्यांचा विरोध असेल, तर मात्र दोन शब्द बोलता येतील. ज्या बडोद्यात १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांनी गायनशाळा सुरू केली, त्या गावाने वाद्याचा जन्मगाव कधी विचारला नाही. पेटी आणि व्हायोलिन दोन्ही बाहेरून आली आणि आपल्या दिवाणखान्यात मांडी घालून बसली. गिटारचेही तसेच झाले. १९६७ सालच्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत ब्रिजभूषण काबरा यांनी गिटारीवर राग वाजवले, तेव्हा संतूर आणि बासरी यांच्या पंक्तीला ती जराही परकी वाटली नाही. पण भाऊजींना खुपते आहे ते गिटारचे परकेपण नसावे. वाडा गेला, माजघर गेले. आता फळीही जाणार, हे त्यांना सोसवत नाही. त्यांना सांगण्यासारखी गोष्ट एवढीच की, चादरीत गुंडाळून गॅलरीत उभी असलेली फळी आजही झोपाळा राहिलेली नाही. बडोद्याचे ऊन आणि पावसाचे झोत तेथे तिला दरवर्षी थोडे थोडे खात आहेत. पाच इंच देऊन उरलेली १९ इंच पुन्हा कड्यांवर टांगली जाणार असेल, तर हा सौदा झोपाळ्याच्याच हिताचा आहे. अरुंद फळी फ्लॅटच्या दिवाणखान्यातही मावेल. तेव्हा आमची सूचना अशी की, मुलाने गिटारच्या आधी झोपाळा टांगून द्यावा. कड्या नव्या भोकांत बसवाव्यात, फळीला तेलपाणी करावे, आणि तीवर बसण्याचा पहिला मान भाऊजींना द्यावा.

त्यानंतर, त्यांच्या समोरच, उतरवलेल्या पट्टीच्या टोकाचा एक बोटभर रुंद तुकडा २ मिलिमीटर जाड करून नळीवर धरावा. तो वाकला, तर फळीने आपला कौल दिला असे समजावे. कपची उठली, तर उरलेल्या लाकडाचा देव्हारा करावा आणि गिटारसाठी अक्रोड आणावे. दोहोंपैकी काहीही झाले तरी भगिनींनी आम्हांस अवश्य कळवावे.